गूढविद्येची पुस्तकं गटाने वाचली तर जादूटोणा कायदा लागतो का?

“आमचा गूढविद्येचा अभ्यास गट आहे,” असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर पहिलं काय येतं? लिंबू, कवटी, अमावास्या आणि कोपऱ्यात बसलेला एखादा बाबा. सातारा-सांगलीकडे तर लोक जरा जास्तच सावध होतात. अंधश्रद्धेविरोधात आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांच्या चळवळीचं ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ निघतं सांगलीतून. आणि २०२२ साली ज्या म्हैसाळचं नाव देशभर गेलं, तेही सांगली जिल्ह्यातच.

पण या दोन जिल्ह्यांना दुसरी बाजूही आहे. गूढ मानले गेलेले ग्रंथ चारचौघांत बसून वाचायचे, अडलं तिथे थांबायचं, शंका विचारायची, ही रीत इथे फार जुनी आहे. मग वाचन कुठे संपतं आणि गुन्हा कुठे सुरू होतो? २०१३ च्या कायद्याने ती रेघ बऱ्यापैकी स्पष्ट आखली आहे. तरी मंत्र-तंत्राचं पुस्तक हातात धरलं की पोलीस येतात, असं अनेकांना वाटतं. आणि त्याच्या उलट, ‘आम्ही फक्त अभ्यास करतो’ एवढं म्हटलं की सगळं माफ आहे, असंही काहींना वाटतं. दोन्ही चूक.

‘गूढ’ या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्यात?

मराठीत आपण तीन-चार वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘गूढ’ म्हणतो. तंत्र आणि हठयोगाचे संस्कृत ग्रंथ त्यात येतात. संतांचा साक्षात्काराचा अनुभव त्यात येतो. नाथांच्या चमत्कारांच्या पोथ्या येतात. आणि जत्रेत, एसटी स्टँडवर मिळणारी वशीकरणाची पातळ पुस्तकंही येतात. हल्ली त्यात टॅरो आणि पाश्चात्त्य ‘ऑकल्ट’ची भर पडली आहे.

यातला महत्त्वाचा फरक सांगणारा अभ्यासक याच भागात शिकवत होता. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख आणि पुढे कुलगुरू झाले, पण त्याआधी ते सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात प्राध्यापक होते. महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावर त्यांनी इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या लेखी गूढवाद म्हणजे ईश्वराचा थेट, स्वतः घेतलेला अनुभव. अंगात येणं, वस्तू हवेतून काढणं, भविष्य सांगणं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ज्ञानेश्वर-तुकाराम वाचणारा आणि चेटकाचं पुस्तक वाचणारा हे दोघं एकाच कपाटापुढे उभे असले तरी हात वेगवेगळ्या खणात घालत असतात.

ही पुस्तकं एकट्याने का वाचत नाहीत?

याचं कारण भाषेत आहे. तंत्र आणि योगाचे अनेक ग्रंथ मुद्दाम सांकेतिक भाषेत लिहिले गेले. अभ्यासक तिला संध्याभाषा म्हणतात. वरवर एक अर्थ, आत दुसरा.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘हठप्रदीपिके’चं. स्वात्मारामाचा हा ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला. त्याच्या तिसऱ्या उपदेशात असं म्हटलंय की योग्याने रोज गोमांस खावं आणि वारुणी प्यावी. एवढंच वाचून पुस्तक मिटलं तर काय गोंधळ उडेल, याची कल्पना करा. पण पुढच्याच श्लोकात खुलासा येतो: ‘गो’ म्हणजे जीभ, आणि ती उलटी वळवून टाळूच्या वरच्या पोकळीत नेणं म्हणजे ‘गोमांसभक्षण’. वारुणी म्हणजे त्या वेळी पाझरतो असं मानलेला रस. हा सगळा प्रकार खेचरी मुद्रेचा.

इथे ग्रंथकाराने निदान खुलासा केला. अनेक ग्रंथांत तो नसतो, तो शिकवणाऱ्याच्या तोंडून कळायचा. म्हणून टीका, टीकेवर टिप्पणी आणि जाणकाराच्या समोर बसून वाचन, अशी साखळी तयार झाली. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९७० मध्ये ‘हठप्रदीपिके’ची हस्तलिखितं ताडून तयार केलेली आवृत्ती काढली, ती या साखळीतलीच आधुनिक कडी म्हणायची.

पण लगेच उलट्या टोकाला जाऊन ‘सगळं प्रतीकात्मकच आहे’ असं म्हणणंही खरं नाही. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन या तंत्रातल्या पाच ‘म’कारांचा काही पंथांनी शब्दशः अर्थ घेतला, काहींनी प्रतीक म्हणून. दोन्ही गोष्टी इतिहासात घडल्यात. एखाद्या गटात फक्त एकच बाजू सांगितली जात असेल तर तिथे अभ्यास कमी आणि वकिली जास्त चाललीय, असं समजायला हरकत नाही.

सज्जनगडाच्या ग्रंथातली यादी

रामदासांनी आयुष्याची शेवटची वर्षं साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर काढली, १६८२ मध्ये तिथेच त्यांचं निर्वाण झालं. त्यांचा ‘दासबोध’ वीस दशकांचा, दर दशकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. या ग्रंथाची घडणच श्रोता आणि वक्ता यांच्या बोलण्याची आहे. श्रोता आक्षेप घेतो, वक्ता उत्तर देतो, आणि कधी कधी श्रोता परत अडून बसतो. ‘आशंका’ हा शब्द तर ठिकठिकाणी भेटतो. ग्रंथ मुळात गटात वाचण्यासाठी लिहिलाय हे पानापानावर जाणवतं.

पाचव्या दशकात रामदास गुरूंची एक लांबलचक यादी देतात. त्यात भुरळ घालणारे आहेत, चेटूक करणारे आहेत, साबरी मंत्र देणारे आहेत, नाना चमत्कार दाखवणारे आहेत. हे सगळे आपापल्या विद्येचे गुरू असतील, पण सद्गुरू नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. जादूटोणा कायद्याच्या साधारण साडेतीनशे वर्षं आधी, साताऱ्यात आजही घरोघर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय. फक्त या समासाची रील कुणी करत नाही.

साबरी मंत्रांचा विषय निघाला की नाथपंथ येतोच. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा गोरक्षनाथांशी जोडलं जातं, तिथल्या नागपंचमीची कथाही त्यांचीच. नवनाथांच्या कथा मराठीत घरोघर पोचवल्या त्या धुंडिसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ने. शके १७४१ मधला, म्हणजे इसवी सन १८१९ चा हा ग्रंथ चाळीस अध्यायांचा आहे, आणि श्रावणात त्याची पारायणं होतात. अमुक अध्याय वाचला की अमुक संकट टळतं, अशी फलश्रुतीही त्याला जोडलेली असते. पारायण आणि चर्चा यात इथे फरक पडतो. पारायणात पोथी पूर्ण करायची असते, प्रश्न विचारायचे नसतात. श्रद्धेचा भाग म्हणून ते ठीकच आहे, पण त्याला अभ्यास गट म्हणता येत नाही.

सात माणसं आणि एक सनद

गूढ साहित्यासाठी ‘अभ्यास मंडळ’ हा आजचा साचा, म्हणजे सभासद, ठरलेला वार, एक पुस्तक आणि चर्चा, भारतात रुजवण्यात मोठा वाटा थिऑसॉफिकल सोसायटीचा. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या या संस्थेच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात उतरले. आधी गिरगावात राहिले, ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केलं, आणि १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलवला. सात सभासद जमले की मुख्यालयाकडून सनद घेऊन शाखा काढायची, तिला लॉज म्हणायचं. संस्थेच्या तीन उद्देशांपैकी एक होता धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचा तौलनिक अभ्यास, आणि दुसरा माणसातल्या सुप्त शक्तींचा शोध.

या दोन उद्देशांची ओढाताण पुढे कायम राहिली. अड्यारला एका कपाटात ‘महात्म्यां’ची पत्रं आपोआप प्रकटतात, असा दावा होता. १८८४ मध्ये तिथेच काम करणाऱ्या कूलों दांपत्याने ही बनवाबनवी असल्याचा आरोप केला. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसनला चौकशीला पाठवलं आणि १८८५ च्या अहवालात ब्लाव्हाट्स्कींवर फसवणुकीचा ठपका आला. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या तपासातल्या त्रुटी दाखवल्या. वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही.

गंमत म्हणजे याच ब्लाव्हाट्स्कींच्या नावावर एका चांगल्या चर्चागटाची नोंदही आहे. १८८८ मध्ये त्यांचा ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा जाडजूड ग्रंथ आला. तो कुणाला धड कळेना. मग १८८९ च्या जानेवारीपासून लंडनमध्ये दर गुरुवारी बैठक सुरू झाली. सभासद प्रश्न काढून आणायचे, लेखिका समोर बसून उत्तरं द्यायची आणि लघुलिपीत सगळं टिपलं जायचं. पुढे ते छापलंही गेलं. ग्रंथ पटो न पटो, लेखिकेला समोर बसवून ‘हे कशावरून?’ विचारण्याची ती सोय होती.

आणि त्याच संस्थेने १९११ मध्ये जे. कृष्णमूर्ती नावाच्या कोवळ्या मुलाभोवती ‘जगद्गुरू येणार’ म्हणून संघटना उभी केली. १९२९ मध्ये कृष्णमूर्तींनी ती स्वतःच विसर्जित केली. एकाच संस्थेत प्रश्नही होते आणि प्रश्न बंद करणारी भक्तीही होती.

उमदी, औंध आणि खेतवाडीची खोली

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून उमदी आहे. भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) इथले. त्यांचा संप्रदाय सीमेपलीकडच्या इंचगिरीच्या नावाने ओळखला जातो. वर आलेले गुरुदेव रानडे त्यांचेच शिष्य. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज. त्यांची प्रवचनं बहुतांशी ‘दासबोधा’वर असत, आणि त्यांची टिपणं घेणारा शिष्य होता मुंबईतला एक विडीचा दुकानदार, पुढे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) म्हणून जगाला माहीत झालेला.

निसर्गदत्त मुंबईत खेतवाडीतल्या घराच्या छोट्या माळ्यावर लोकांशी मराठीतून बोलत. देशोदेशीची माणसं येत, दुभाषा लागे, आणि सगळा कारभार प्रश्नोत्तरांचा. हे संवाद टेपवर घेऊन इंग्रजीत आणले मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने. १९७३ मध्ये आलेलं ते ‘आय ॲम दॅट’ आज जगभर गटागटाने वाचलं जातं.

या फ्रीडमनची साताऱ्याशी गाठ आधीच पडली होती. खटाव तालुक्यातल्या औंध संस्थानच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८-३९ मध्ये राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती द्यायचं ठरवलं, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने ती घटना तयार करण्यात फ्रीडमनचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाच्या प्रयोगामागेही तो होता, तोच प्रयोग ज्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला.

त्याच औंधात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचं स्वाध्याय मंडळ १९४८ पर्यंत चाललं. चित्रकार म्हणून नाव काढलेल्या या माणसाने वेदांच्या संहिता आणि सोप्या भाषेतली भाष्यं छापून लोकांच्या हातात दिली. अथर्ववेदावरचं भाष्यही त्यात आलं. अथर्ववेद म्हणजे मारण-मोहनाचा वेद, असा लोकांत समज. प्रत्यक्षात त्यात रोगनिवारण, विवाह, राज्य, शेती, पृथ्वीसूक्त आणि हो, अभिचाराची सूक्तंही आहेत. पुस्तक उघडं झालं की त्याची भीती निम्म्याने उतरते, ती अशी.

म्हैसाळ आणि कायदा

२० जून २०२२. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये दोन भावांच्या दोन घरांत मिळून नऊ जण मृतावस्थेत सापडले. सुरुवातीला सावकारी कर्जापायी सामूहिक आत्महत्या, असं समजलं गेलं. आठवडाभरात पोलिसांनी सोलापूरच्या एका मांत्रिकाला आणि त्याच्या साथीदाराला अटक केली. गुप्तधन काढून देतो म्हणून मोठी रक्कम घेतली आणि ती परत मागितली जाऊ लागल्यावर विष देऊन खून केले, असा पोलिसांचा आरोप. घर शिकलेलं होतं.

याच गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेले आहेत. दाभोलकरांनी मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं, साताऱ्यात काम केलं, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि या कायद्यासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आता मूळ प्रश्न. कायद्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं आहेत. भूत उतरवायला मारहाण करणं, तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून लोकांना धमकावणं, कुणाला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, वगैरे. यात ‘वाचणं’ कुठेही नाही. उलट कायद्याने स्पष्टच म्हटलंय की कीर्तन, प्रवचन, भजन, प्राचीन आणि पारंपरिक विद्यांचं शिक्षण याला तो लागू नाही. होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, आणि शारीरिक इजा होणार नाही अशा चमत्कारांचं साहित्य प्रसिद्ध करणं यालाही नाही. ‘नवनाथ भक्तिसार’चं पारायण, ‘हठप्रदीपिके’चा वर्ग, तंत्रावरचं चर्चासत्र, सगळं मोकळं आहे.

पण एक खाच आहे, आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी तीच नीट वाचावी. अनुसूचीतली कृत्यं करणं हा जसा गुन्हा, तसा त्यांचा प्रचार हाही गुन्हा. आणि प्रचाराच्या व्याख्येत अशा प्रथांविषयीची जाहिरात, साहित्य, लेख किंवा पुस्तक प्रसिद्ध करणं येतं, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदतही येते. गटात तंत्रग्रंथावर बोलणं वेगळं, आणि त्याच गटाच्या ग्रुपवर ‘गुप्तधन हमखास, संपर्क साधा’ अशी पोस्ट टाकणं किंवा पुढे ढकलणं वेगळं. याशिवाय १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा आहेच. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात तो रोखतो.

म्हणजे रेघ पुस्तकावर आखलेली नाही, पुस्तक पुढे करून काय केलं जातं त्यावर आहे. एखाद्या गटात जायचं असेल तर बघण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. पुस्तक सगळ्यांच्या हातात आहे की एकाच माणसाकडे? ‘हे कशावरून’ विचारल्यावर संदर्भ मिळतो की दटावणी? वर्गणी चहापाण्यापुरती आहे की ‘पुढच्या पायरी’साठी वाढत जाते? चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, घरच्यांना सांगू नका म्हटलं, अमक्याने तुमच्यावर करणी केलीय असं नाव घेऊन सांगितलं, की तो अभ्यास गट राहिलेला नसतो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो.

आणि नुसतं समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात फुकटात होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली साताऱ्यातल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश ऑनलाइन उघडा आहे. तंत्रमार्गावरची त्यातली नोंद कुठलीही भीती न घालता आणि कुठलीही सिद्धी न विकता लिहिलेली आहे.